विरजण

३ नोव्हेंबर, सोमवार

नवी नोकरी, नवी खोली आणि ही नवी रोजनिशी. तिन्ही दोन दिवसांत पदरात पडल्या, म्हणून पहिल्या पानावर तिघींचं स्वागत.

रोजनिशी नीलाताईंनी दिली. जाड कागद, कापडी बांधणी, सोबत शाईचं पेन. इथे येणाऱ्या प्रत्येकाला त्या एक देतात. दुपारी जेवण झालं की दहा मिनिटं हाताने लिहायचं, मोबाईलवर नाही, त्याने डोकं शांत राहतं, असं म्हणाल्या. हातात पेन धरून मला चार वर्षं झाली असतील. पण एवढी शिकलेली बाई शाळेतल्या बाईंसारखं सांगते म्हटल्यावर नाही कसं म्हणणार?

नीलाताई म्हणजे डॉ. नीला फणसे, आमच्या मालकीणबाई. साठीच्या आसपास, सुती साडी, वर पांढरा कोट आणि पायात स्पोर्ट्स शूज. मॅडम म्हटलेलं त्यांना खपत नाही. फणसे बायोलॅब म्हणजे माजिवड्याला हायवेच्या मागच्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावरचा एक गाळा. खाली पुठ्ठ्याची खोकी बनतात. आम्ही चौघंच. नीलाताई, काचसामान धुणाऱ्या हौसाबाई, साकेत आणि मी.

साकेतमुळेच नोकरी मिळाली. डोंबिवलीच्या आमच्या ढोलताशा पथकात तो ढोल वाजवतो, मी ताशा. सहा वर्षांची दोस्ती. आठ महिने मी घरी बसून आईचे टोमणे खात होते, तर एक दिवस हा धावत आला की अगं, आमच्याकडे जागा आहे, मी ताईंशी बोललोय, तू फक्त ये. कळव्यातली खोलीसुद्धा त्यानेच शोधली आणि काल माझी ट्रंक तीन जिने चढवून दिली. असा मित्र मिळायला नशीब लागतं. कळव्यावरून रिक्षाने पूल ओलांडला की अर्ध्या तासात लॅब, आणि रविवारी सरावाला डोंबिवली, आईकडे जेवण. संचिता गुप्तेंचे दिवस पालटले म्हणायचे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आईला फोनवर काम समजावलं, तेच इथे लिहिते, म्हणजे मलाही पक्कं होईल.

माणसाच्या मेंदूत अल्फा-सिन्युक्लिन नावाचं एक प्रथिन असतं. ते बनवणारं जनुक आम्ही साध्या जंतूंमध्ये घालतो आणि जंतूंकडून ते प्रथिन बनवून घेतो. मग जंतू फोडायचे आणि त्यांचा रस उकळायचा. बाकीची सगळी प्रथिनं नासलेल्या दुधासारखी फाटतात, हे एकटं शहाण्यासारखं पाण्यात विरघळून राहतं. ते साफ करून नळ्यांत भरायचं आणि कंपवातावर संशोधन करणाऱ्यांना पाठवायचं.

पण लॅबचं नाव आहे ते पुढच्या कामासाठी. हेच प्रथिन आठवडाभर उबेत हलवत ठेवलं की बिघडतं, त्याचे धागे होतात. ते धागे आवाजाच्या मशीनने बारीक तोडायचे. त्या तुकड्यांचा एक थेंब चांगल्या प्रथिनात टाकला की दुसऱ्या दिवशी अख्खी नळी बिघडलेली. रोग्याच्या मेंदूतही असंच होतं, एक पेशी बिघडली की तिची शेजारीण. लॅबमध्ये त्या तुकड्यांना सगळे विरजण म्हणतात. आई म्हणाली, म्हणजे चांगलं दूध नासवायचा धंदा की तुमचा! मी म्हटलं, दही लावायचा म्हण.

नुसतं बघून काही कळत नाही, दोन्ही पाण्यासारखीच. एक पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात धरायचं. चांगलं असेल तर काळोख, बिघडलेलं असेल तर हिरवट चमकतं. धागे तोडायचं काम माझ्याकडे आलंय.

शुक्रवारी इथे एक गमतीची रीत आहे. वसाहतीची वीज त्या दिवशी देखभालीसाठी जाते, जनरेटरवर फक्त फ्रीजर चालतात, त्यामुळे काम बंद आणि सगळे एकत्र जेवायला. डबे झाकून ठेवायचे, डोळ्यांवर नॅपकिन बांधायचा आणि वासावरून पदार्थ ओळखायचे. नीलाताई गुण लिहितात. आज आठ पदार्थ होते, मी आठही ओळखले. हौसाबाईंचं सुकट-वांगं तर जिन्यातच ओळखलं होतं. साकेतला पाच. तो म्हणाला की तुझं नाक आहे की पोलिसांचं कुत्रं. सगळ्यांत जास्त आनंद नीलाताईंना झाला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

एसीच्या कोरड्या हवेने नाक सुकलं, शिंकरलं तर रक्त. नीलाताईंनी लगेच कपाटातून एक तपकिरी बाटली काढली, तिच्यावर माझं नाव लिहिलं आणि सकाळ-संध्याकाळ दोन-दोन थेंब नाकात घालायला सांगितलं. उकळून गार केलेलं मिठाचं पाणी आहे म्हणाल्या. साकेतकडेही तशीच बाटली आहे. पहिले थेंब त्यांनीच घातले, माझी मान मागे धरून, कपाळावर हात ठेवून. बाबा गेल्यापासून माझ्या कपाळावर कुणी असा हात ठेवला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं, ते नाकात थेंब गेल्यामुळे असं सांगून वेळ मारून नेली.

३० नोव्हेंबर, रविवार

आज लिहिताना पेन नाचतंय. कमलेशदादांनी, म्हणजे आमच्या पथकप्रमुखांनी, सगळ्यांसमोर सांगितलं की पाडव्याच्या शोभायात्रेत पुढचा ताशा संचिताचा. पुढचा ताशा म्हणजे चाल धरणारा. तो जे वाजवेल त्यावर ऐंशी ढोल चालतात. पथकाच्या पंधरा वर्षांत तिथे मुलगी उभी राहिली नाही. मी बारा वर्षांची असल्यापासून फडके रोडच्या कडेला उभी राहून त्या जागेकडे बघतेय. मला दुसरं काही नको. लग्न नको, परदेश नको, फक्त १९ मार्चला सकाळी सात वाजता हे दोन हात नीट चालोत.

साकेतने मला मिठी मारली आणि मग उगाचच पाठ फिरवून ढोलाचे दोर आवळत बसला. जळला असेल थोडा. जळू दे.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत म्हणून रजा. आईने तीळ भाजायला बसवलं आणि ती हळदीकुंकवाची तयारी करायला बाहेर गेली. परत आली ती ओरडतच. तीळ जळून काळे झाले होते, घरभर धूर आणि मी कढईपुढे शांतपणे ढवळत बसलेली. मला वासच आला नाही. आई म्हणाली, लक्ष कुठे असतं तुझं? मीही तेच म्हटलं, लक्ष नव्हतं.

मग गंमत म्हणून हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली. काही नाही. पुन्हा धरली. नाकात पूड गेली, शिंका आल्या, पण वास म्हणून काही नाही. सर्दी असेल. थेंब चालू ठेवते.

१ फेब्रुवारी, रविवार

सरावात आज उजवा हात मागे पडला. म्हणजे मी सांगतेय आणि तो अर्ध्या पळाने ऐकतोय, असं. ढोल अडखळले. कमलेशदादांनी थांबवून विचारलं, बरं नाही का. मी हसून म्हटलं की लॅबमध्ये नळ्या धरून धरून अवघडलाय.

एक नवी मुलगी आली आहे, रसिका. मायक्रोबायोलॉजी करून नोकरी शोधतेय. पूर्ण वेळ माझ्या हातांकडे बघत होती आणि सराव संपल्यावर म्हणाली, ताई, मला ताशा शिकवशील? फार गोड पोरगी आहे. तिच्या मनगटात जोर आहे, मला लगेच दिसलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आठपैकी एक, तोही अंदाजाने. साकेतला पाचच, नेहमीसारखे. मला वाटलं होतं नीलाताई काळजी करतील. त्यांनी नुसतं लिहून घेतलं, तारीख घातली आणि खाली रेघ मारली. मग विचारलं की हाताचं काही? मी चमकले. हाताचं मी लॅबमध्ये कुणालाच बोलले नव्हते. साकेतने सांगितलं असेल.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

कुडत्याची बटणं लावायला सात मिनिटं. घड्याळ लावून मोजली.

ठाण्यात मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी बोटं वाजवायला लावली, चालायला लावलं, डोक्याचा फोटो काढला. फोटो स्वच्छ. सत्ताविसाव्या वर्षी असलं काही होत नसतं म्हणाले, झोप घ्या, बी-ट्वेल्व्ह घ्या, घरी काही टेन्शन आहे का, लग्नाचं वगैरे. सहा महिन्यांनी या. सहा महिन्यांनी! पाडव्याला तीस दिवस आहेत.

आई म्हणते की हल्ली तुझा चेहरा सतत फुगलेला असतो. मी हसत होते तेव्हा.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

हौसाबाई मोरीशी फ्लास्क धूत होत्या. मी कोटाच्या बटणाशी झटापट करत होते तर उठल्या, ओले हात पदराला पुसले आणि माझं बटण लावून दिलं. मग म्हणाल्या की आनंदची बटणं पण मीच लावायची. कोण आनंद? तुझ्या टेबलावर होता तो पोरगा, म्हणाल्या. साकेतसोबतच लागलेला. आता चिपळूणला गावी असतो, त्याची आयस त्याला चमच्याने भरवते. वय वर्षं एकोणतीस.

मी विचारलं, काय झालं त्याला? त्यांनी आधी दाराकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या तपकिरी बाटलीकडे. बाय गो, म्हणाल्या, मी हितला चहापण पित नाय, पाणी घरून आणतंय, तू काय ते समज. आणि नळ मोठा सोडून फ्लास्क घासायला लागल्या.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

कुणाला तरी वेडी वाटेन, पण डोळ्यांनी बघितलंय ते लिहिते.

सुट्टीचे दिवस सोडले तर ही वही मी लॅबच्या खणात ठेवायचे. आज सहज पहिलं पान उघडलं. नोव्हेंबरात एका पानावर अठरा ओळी बसायच्या. आता चाळीस बसतात. अक्षर मुंगीएवढं झालंय आणि मला कळलंही नाही.

पण ते नाही. वही खिडकीशी नेली तेव्हा दिसलं. प्रत्येक पानाच्या तिसऱ्या ओळीत अक्षरांच्या वर आणि खाली पेन्सिलीचे ठिपके आहेत. टाचणीच्या टोकाएवढे. पट्टी लावून घातलेले. समासात बारीक आकडे. पहिल्या पानावर सहा. डिसेंबरात साडेपाच. संक्रांतीला चार. गेल्या आठवड्यात दोन. मिलिमीटर आहेत ते. माझं अक्षर कुणीतरी रोज मोजत होतं. बाबांबद्दल लिहिलं होतं, त्या ओळीवरही ठिपके.

वही आता घरी नेते.

२५ फेब्रुवारी, बुधवार

नीलाताई बँकेत गेल्या होत्या, साकेत कुरिअरला. माझ्या बाटलीतला एक थेंब काचेच्या पट्टीवर घेतला. पिवळा रंग टाकला. शेजारी नळाच्या पाण्याचा थेंब घेतला, त्यातही टाकला. रोज करते तेच काम. दिवा लावला.

नळाचं पाणी काळं. माझे थेंब हिरवे.

पुन्हा केलं. पुन्हा हिरवे. मग साकेतच्या खणातून त्याची बाटली काढली. तीही हिरवी.

साडेतीन महिने. सकाळ-संध्याकाळ. माझ्या कपाळावर हात ठेवून.

बिचारा साकेत. त्याला सांगितलंच पाहिजे.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

बिचारा साकेत!

दुपारी त्याला गच्चीवर नेलं, सगळं सांगितलं, रडले. तो रडला नाही, दचकलासुद्धा नाही. कठड्याला टेकून खाली हायवेकडे बघत राहिला. मग म्हणाला की मला माहीत आहे. तू यायच्या आधीपासून माहीत आहे.

आनंद आणि तो, दोघांनाही थेंब होते. दोघांचीही अक्षरं बारीक झाली. दोघांनाही कळलं तेव्हा नीलाताईंनी सांगितलं की उलट काम करणारं एक प्रथिन त्यांनी बनवलंय. धाग्याच्या टोकाला जाऊन बसतं, पुढे बिघडू देत नाही, लवकर मिळालं तर गेलेले हातही परत येतात. आठवड्याला एक इंजेक्शन. पण औषध चालतंय हे कळायला ज्याला औषध दिलेलं नाही असा एक माणूस शेजारी लागतो. तेव्हा जो कुणी नवीन माणूस आणून देईल, त्याला औषध. आनंद नाही म्हणाला. त्याने कुणालाच आणलं नाही आणि गावी निघून गेला.

साकेतने मला आणलं.

त्याची बाटली हिरवी आहे, पण दर शनिवारी पोटात सुई घेतो, म्हणून त्याचे पाच गुण पाचच राहतात. मी ती शेजारची. तुलनेची. अगं, मी काय करणार होतो सांग ना, असं तो म्हणत होता. माझे हात गेलेले, संचिता, गणपतीत पाठ दुखते म्हणून बसलो ना, तेव्हा मला ढोल उचलवत नव्हता. मलाच का, असं मी विचारलं. त्याने खाली बघत सांगितलं. नाक तीव्र आणि हात जलद, असं कुणी ओळखीचं आहे का, असं ताईंनी विचारलेलं. म्हणजे उतरण स्पष्ट दिसते.

सहा वर्षं एका ताटात जेवलो आम्ही. माझी ट्रंक त्याने तीन जिने चढवली. मी त्याच्या तोंडावर थुंकले. नीट थुंकताही आलं नाही, माझ्याच हनुवटीवर ओघळलं. त्याने रुमाल पुढे केला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

नीलाताईंनी नाकारलं नाही. चहा दिला. मी घेतला नाही.

त्या म्हणाल्या की रोगी डॉक्टरकडे येतो तेव्हा त्याच्या मेंदूतल्या हालचालींच्या पेशी निम्म्याहून जास्त मेलेल्या असतात. औषध द्यायचं ते आधी, अगदी सुरुवातीला. पण सुरुवात कुणालाच कळत नाही. ज्याचा पहिला दिवस मला माहीत आहे असा माणूस हवा होता, आणि असा माणूस एकाच मार्गाने मिळतो. हे त्या इतक्या समजुतीने सांगत होत्या की मी एक-दोनदा मान हलवली. त्यांची आई यातच गेली, मोठा भाऊ गेला. मग स्वतःचा डावा हात टेबलावर ठेवला. करंगळी हलत होती. आपोआप.

मी पोलिसांचं नाव काढलं. जा, म्हणाल्या. बाटलीवर मिठाचं पाणी लिहिलंय, डॉक्टरांनी तुला निरोगी ठरवलंय. आणि त्यांनी खरंच लॅबला सील ठोकलं तर वीज तोडतील. औषध उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये आहे, अर्ध्या दिवसात पाणी होईल. मग तुझं काय? चोरायचंही मनात आणू नकोस बाळ, तीनशे नळ्या आहेत, नुसते आकडे घातलेल्या, आणि त्यातल्या निम्म्या विरजणाच्या आहेत.

बाळ म्हणाल्या.

माझा राग येतोय ना, मग जगून दाखव, असंही म्हणाल्या. आणि एकदम हळू आवाजात, एखादी हुशार मुलगी आहे का ओळखीत.

१ मार्च, रविवार

थेंब बंद केलेत. उपयोग नाही. एकदा लागलं की लागलं, मीच आईला सांगितलं होतं.

आईला यातलं काही सांगितलं नाही. सांगायला बसले होते. ती माझ्याकडे बघून म्हणाली की सारखी चिडू नकोस गं माझ्यावर. हा चेहरा चिडका नाही आई, तो हलतच नाही—

रडले तरी तसाच राहतो. आरशात बघितलं.

८ मार्च, रविवार

कमलेशदादांनी बाजूला घेतलं. पाठीवर हात ठेवला. यंदा तू झेंडा धर म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पुढचा ताशा रसिकाचा.

रसिकाने माझे पाय धरले. ताई, तू शिकवलंस म्हणून. मी म्हणाले, छान वाजव.

मला तिचा राग आला. तिने काय केलंय माझं? पण आला. लिहून ठेवते. खोटं लिहायचं नाही.

१२ मार्च, गुरुवार

आनंदच्या घरचा नंबर हौसाबाईंनी दिला. त्याच्या आईने उचलला, फोन त्याच्या कानाशी धरते म्हणाली. नुसता श्वास. बराच वेळ. मी विचारलं, तू बरोबर केलंस का? तुला आता काय वाटतं?

तो काहीतरी बोलला. शब्द कळले नाहीत. त्याच्या आईला विचारलं तर म्हणाली, त्याचं त्यालाच कळत नाही हो बाई, भूक लागली असेल.

१५ मार्च, रविवार

अक्षर मलाच वाचता येत नाही. जपून लिहितेय. एकेक—

लॅबला अजून जाते. का जाते? फ्रीजर तिथे आहे म्हणून. बाहेर उभी राहते. त्याचा घुर्रर्र आवाज ऐकते. साकेत नजर चुकवून जातो. काल त्याने शिट्टी वाजवली कामात. हात किती छान चालतात त्याचे.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. झेंडा दोनदा वाकला. कुणीतरी काढून घेतला.

फुटपाथवरून पाहिलं. रसिका पुढे. ऐंशी ढोल तिच्यामागे. काय वाजवत होती! साकेत तिच्या उजव्या हाताला, ढोल कमरेला बांधून, नाचत.

मिरवणूक गेल्यावर ती शोधत आली. घामाने थबथबलेली. ताई, नोकरीचं कुठे असेल तर सांग ना, घरी फार बोलतात.

मी नाही म्हणाले. नाही म्हणाले. नाही म्हणाले होते—

२० मार्च, शुक्रवार

पाणी पिताना ठसका. गिळायला होईना. दोन मिनिटं श्वास नाही. खोलीत एकटी. मेले असं वाटलं—

मेले नाही.

रसिकाला मेसेज केला. एका बोटाने, वीस मिनिटं. आमच्याकडे जागा आहे. माणसं चांगली आहेत.

तिचं उत्तर एका मिनिटात. ताई, तू आहेस तिथे तर मला कसली काळजी!

डिलीट करायचा प्रयत्न केला. बोट पोचेना— तिने वाचलेलाच होता.

२१ मार्च, शनिवार

नीलाताईंनी जवळ घेतलं. सोमवारी तुझं पहिलं, म्हणाल्या. मला बरं वाटलं. ते हात, तोच वास— वास नाही येत, पण असेल— मला बरं वाटलं. शी.

साकेत म्हणाला, आता तरी कळलं ना तुला.

२३ मार्च, सोमवार

आली. गेटवर आहे. खिडकीतून दिसते. नवा ड्रेस. वर बघून हात हलवतेय.

लिफ्ट बंद. जिन्याने येईल.

टेबलावर दोन वस्तू. माझं इंजेक्शन. तिची बाटली, नाव घातलेली.

तिला सांगणार. ठरलंय. जिन्यातच गाठणार, परत पाठवणार. आनंदचं सांगेन, साकेतचं, मी काय केलं तेही. हात दाखवेन. देवाशपथ ठरलंय—

नीलाताई फोनवर आहेत. हीच वेळ.

औषध बाहेर काढून चार मिनिटं झाली. पाचात टोचायचं, नाहीतर फुकट. पुढचं मिळणार नाही— तिला पाठवलं तर पुढचं कधीच—

पावलं. दुसरा मजला. ताई, ताई करत—

आधी टोचून घेते. एवढंच. आधी हे, मग लगेच तिला सां